निळ्या टोपीवाल्यांपायी उघडं डोकं

मला हे सांगायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. माणसाची फजिती त्याच्या घरात पडून राहिली तर कोणाचं काय बिघडतं? पण सुपडूनाना ती साऱ्या शिंदखेड्यात सांगत हिंडतो, आणि सांगताना स्वतःला असा शहाणा करून घेतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गाढव काय तो एकटा आत्माराम. गाढवं दोन होती. म्हणून सांगतो. बसा. चहा गार करू नका आणि मधे बोलू नका.

सुपडूनाना म्हणजे माझा शेजारी. भिंतीला भिंत. त्याच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठतो, इतका जवळचा.

मी चार बुकं शिकलो. पुढे जिनिंगमध्ये लागलो, कापसाच्या गाठी उचलल्या, धूळ खाल्ली आणि शेवटी मुकादम होऊन घरी बसलो. हे अशासाठी सांगतो की पुढे मी मॅनेजर या प्राण्याबद्दल बोलणार आहे, आणि माणसं कशी सांभाळायची हे मला कोणी शिकवायला नको. कोणाच्या हातातलं काम काढून घ्यायचं असलं, तर मी स्वतः उठून त्याच्यापर्यंत चालत जायचो. निरोप पाठवायचो नाही. ज्याचं काम काढतो त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत पाहिजे.

तर, बेसबॉल.

हसा, हसून घ्या. पायजमा-टोपीतला म्हातारा आणि बेसबॉल! बायको वारली त्या वर्षी प्रकाशने, म्हणजे माझ्या मुलाने, मला अमेरिकेला नेलं. एकुलता एक तो. दिवसभर तो आणि सून कामावर, आणि मी खिडकीच्या काचेतून रस्ता बघत बसलेला. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रं दिसलं तर तेही दोरीला बांधलेलं. संध्याकाळी प्रकाश घरी आला की टीव्हीवर हा खेळ लावायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. एक जण चेंडू टाकतो, तो पिचर. एक जण दांडू घेऊन उभा राहतो. बाकीचे बराच वेळ थुंकतात. असे नऊ डाव. तेवढ्यात निकाल नाही लागला तर आणखी डाव.

लोक म्हणतात, फार लांबतो हा खेळ. अहो, लांबतो म्हणून तर आवडला! प्रकाश शाळेत जायला लागल्यापासून माझ्या शेजारी एवढा वेळ कधी बसला होता? मी जिनिंगमध्ये, तो अभ्यासात. मग तो पुण्याला, मग विमानात. तिथे मात्र खेळ संपेपर्यंत उठायचा नाही. बरोबरी होऊन डाव वाढले की मी मनात म्हणायचो, होऊ दे अजून एक. आता मेल्यांनी तिथेही घड्याळ लावलंय. पिचरने पटापट टाकायचं म्हणे. कोणाची गाडी सुटतेय?

आमची टीम म्हणजे प्रकाशच्या गावची. नाव इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना निळ्या टोपीवाले म्हणतो. परत आलो तेव्हा प्रकाशने मोबाईलमध्ये सगळं घालून दिलं. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ. मी अंघोळ करून ओट्यावर बसतो आणि बघतो. त्याआधी प्रकाशचा फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, ठेवू का. संपलं. आता मॅनेजरवर, म्हणजे बाहेर बसून टीम चालवणाऱ्यावर, सुरू झालो की फोन चहाच्या दोन फेऱ्या चालतो.

कारण बोलायला आहेच तसं. त्यांचा एक मोठा खेळाडू आहे, मी त्याला लंबू म्हणतो. अर्धं गाव त्याचं नाव पाठीवर घालून फिरतं. आणि तिन्ही ठाण्यांवर, म्हणजे बेसवर, आपली माणसं धाव घ्यायला उभी असताना हा कपाशीवर फवारणी केल्यासारखा दांडू फिरवतो आणि खाली मान घालून परत येतो. माझा माणूस वेगळा. डावखुरा पिचर. वय झालेलं, पोट सुटलेलं, दाढीत पांढरं. चेंडू फार जोरात टाकत नाही, पण समोरच्याला वाट बघायला लावतो. वाट बघायला लावणाऱ्यासमोर भलेभले ढिले पडतात, हे मला विचारा.

आणि मॅनेजर! क्रिकेटचा कप्तान निदान उन्हात उभा असतो. हा कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडतो. हातात कागद. डावखुरा झकास चाललेला असतो, पण कागदात लिहिलंय ना, आता बदला! मग हा उठतो, सावकाश मैदानाच्या मध्यावर जातो आणि हात पुढे करतो. डावखुरा मुकाट्याने चेंडू त्याच्या हातात ठेवतो आणि बाहेर जातो. त्या हात पुढे करण्यावर मी ज्या शिव्या दिल्यात, त्या सुपडूनानाच्या बायकोला भिंतीपलीकडे पाठ झाल्यात.

फजिती झाली त्या वर्षी शेवटच्या आठवड्यापर्यंत चुरस. निळे पुढे, मग ते दुसरे लाल टोपीवाले पुढे, पुन्हा निळे. हाही काय न्याय आहे, सहा महिने रोज खेळायचं आणि शेवटी दोन-चार सामन्यांत घरी जायचं? पण आमचे घुसले बाद फेरीत. त्या रविवारी प्रकाश फोनवर खुशीत होता. म्हणाला, "आबा, या वर्षी आपले शेवटपर्यंत जिंकले ना, तर दिवाळीला येतो."

हसत म्हणाला. पण म्हणाला.

आईच्या वर्षश्राद्धाला आला होता, त्यानंतर आलेला नाही. तेव्हापासून मला खेळ दिसेनासा झाला. होमरन, म्हणजे त्यांचा षटकार, बसला की प्रकाश मुंबईत उतरायचा. खेळाडू बाद झाला की परत विमानात चढायचा.

आता इथून माझं डोकं फिरलं असं सुपडूनाना सांगतो. नाही फिरलं. ऐका.

निळे एका सामन्यात मागे पडले तेव्हा प्रकाशने सांगितलं की तिकडे अशा वेळी लोक टोप्या उलट्या करून घालतात, आतली बाजू बाहेर, म्हणजे नशीब फिरतं. मी माझी पांढरी टोपी उलटी करून घातली. ती आतूनही पांढरी. नशिबाला काय कळणार? हरले. दुसऱ्या दिवशी टोपी धुऊन दोरीवर टाकलेली, दुसरी सापडेना, म्हणून मी तसाच बसलो, उघड्या डोक्याने. आणि निळ्यांनी मागून येऊन सामना मारला. लंबूने चेंडू पार स्टेडियमबाहेर घालवला, लंबूने!

मग मी ठरवलं. हे सगळं उरकेपर्यंत टोपी नाही. आणि ते खेळाडू या दिवसांत दाढी करत नाहीत, तर मीही नाही. सलूनवाल्याने हाक मारली, आबा, दाढी वाढली. मी म्हटलं, सगळं पार पडल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. त्या बिचाऱ्याने दुकानातला रेडिओ बंद केला. मला वाटलं, बॅटरी संपली असेल.

दुसऱ्या सकाळी सुपडूनाना येऊन ओट्यावर बसला. एरवी आला की आधी माझा पेपर ओढतो. त्या दिवशी नुसता बसला. मी मोबाईलकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, चहा? तो म्हणाला, नको. सुपडूनाना आणि चहाला नको! मग समोरचे दोघे आले, मागच्या गल्लीतले आले. सगळे गप्प. मला वाटलं, आली अखेर गावाला अक्कल, बेसबॉल बघायला लागले.

अहो, मी काय खूश झालो! बायको गेल्यापासून त्या ओट्यावर एवढी माणसं बसली नव्हती. मी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि एकेक समजावून सांगायला लागलो. हा पिचर, ही ठाणी, हा कठड्याला टेकलेला मॅनेजर, याच्यापासून सावध. डावखुऱ्याला असा मधूनच काढतो म्हणून सांगताना मी कपाळाला हात लावला. सुपडूनानाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आबा, धीर धरा," तो म्हणाला.

"धीर काय धरायचा? अजून तीन जिंकायचेत," मी म्हटलं.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळायला होतंच, मी म्हटलं, हळूहळू कळेल.

एकच गोष्ट खटकायची. उठताना कोणी 'येतो' म्हणायचं नाही. गुमान चपला घालायच्या आणि चालायचं. आणि सुपडूनानाच्या घरून रोज पिठलं-भाकरी येऊ लागली. मी त्याच्या बायकोला म्हटलंसुद्धा, एखाद दिवस शेवभाजी पाठवा की. तिने पदर तोंडाला लावला आणि आत पळाली.

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. उघडं डोकं, वाढलेली दाढी, ओट्यावर गप्प बसलेला म्हातारा. आपल्याकडे घरात कोणी वारलं की पुरुषाची टोपी उतरते, वस्तरा थांबतो, आणि कार्य झाल्यावर बायकोच्या माहेरचे नवी टोपी घालतात तेव्हा ती डोक्यावर येते. तोवर लोक बसायला येतात. चहा घेत नाहीत, 'येतो' म्हणत नाहीत. मी स्वतः किती घरी असा बसलेला माणूस! मला कळू नये? आता वाटतं, कळून घ्यायचंच नव्हतं. माणसं येत होती ना.

आणि गंमत पुढेच आहे. कोण गेलं, हे कोणालाच माहीत नव्हतं! विचारायची रीत नाही. जो तो समजे, दुसऱ्याला माहीत आहे. शेवटी सुपडूनानाने डोकं चालवलं. आबाला माणसं किती? एक मुलगा, एक थोरली बहीण. मुलाचा आवाज तर काल भिंतीतून ऐकला. म्हणजे गेली ती अमळनेरची अक्का. झालं! त्याने धुळ्याला वसंतरावला, माझ्या बायकोच्या भावाला, फोन लावला की दाजींची अक्का गेली, दाजी कोणाला काही सांगत नाहीत, मनावर परिणाम झालाय, टोपी घेऊन या.

निर्णायक सामन्याची सकाळ उजाडली. हरलो की घरी. ओटा भरलेला. डावखुरा असा टाकत होता की काय सांगू! समोरचे येतात, बघतात, जातात. सहा डाव झाले, निळे एकाने पुढे. प्रकाश मुंबईत उतरून कल्याणच्या पुढे निघाला होता.

सातव्या डावात तो मॅनेजर उठला.

मी ओरडलो, बस खाली! ओट्यावरचे दोघे खरंच खाली बसले. तो चालत गेला, हात पुढे केला, आणि डावखुऱ्याने चेंडू दिला. नवीन पोरगं आलं. त्याने टाकलेला दुसरा-तिसरा चेंडू समोरच्याने प्रेक्षकांत भिरकावला, दोन धावा. पुढे लंबू आला, त्याने फवारणी केली. खेळ संपला. निळ्या टोप्या कठड्याला धरून उभ्या.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारपणी ते लवकर येतं, त्यात काही नाही. नेमकी त्याच वेळी वसंतरावची जीप दारात उभी राहिली. तो उतरला, हातात कागदात गुंडाळलेली नवी टोपी, माझे डोळे पाहिले आणि मला मिठीच मारली. मला वाटलं, बघा, धुळ्याहून माणूस आला, त्यालाही मॅनेजरचा राग आलाय.

आणि तेवढ्यात स्टेशनकडून रिक्षा आली. रिक्षा थांबायच्या आधीच आतून आवाज.

"मना आत्माराम रे! माले सोडीसन कसा गया रे!"

अक्का! काठी, पिशवी, गळा काढलेला. अमळनेरला तिच्या कानावर एवढंच गेलं होतं की आत्मारामच्या घरी लोक बसायला जातात. घरात माणूस किती? एकच. म्हणजे गेला तोच. सकाळची पॅसेंजर धरून आली.

ओट्यावर काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. वसंतराव जिच्या दुखवट्याची टोपी घेऊन उभा, ती रिक्षातून उतरते आहे. मागच्या गल्लीतला एक जण तर चपला न घालता निघाला.

अक्काने मला पाहिलं. रडणं असं थांबलं, जसा नळ बंद केला.

"तू जित्ता शे?"

"शे ना."

"मंग गया कोन?"

सगळ्यांनी सुपडूनानाकडे पाहिलं. सुपडूनाना खांबाकडे बघायला लागला. वसंतराव भोळा माणूस, तो हळूच म्हणाला, अक्का, तुम्ही.

"माले कोनी मारं रे? मी सकायनी गाडीमा बसीसन उनू!"

"मी नही सांगं, बठ्ठास्नी सांगं," सुपडूनाना म्हणाला. बठ्ठे म्हणजे सगळे. सगळे आधीच जमिनीकडे बघत होते.

मग अक्काने काठी माझ्याकडे वळवली. टोपी कुठे आहे, दाढी कशाला वाढवली, कोणासाठी? मी सांगितलं, निळ्या टोपीवाल्यांसाठी. ते कोण? अमेरिकेतले चेंडू खेळणारे. मला वाटलं, आता काठी बसते. ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग कोणालाच आवरेना. वसंतराव तर टोपी तोंडावर धरून हसत होता.

अक्का नाही हसली. माझ्या शेजारी बसली. मी लहान असताना डोक्यात उवा बघायला बसायची तशी.

"खरं सांग," म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "प्रकाश सांगे, जिंकनात तर दिवाळीले येसू."

हसणारे थांबले. मला तेव्हा कळलं की उगाच बोललो. अक्काने माझा मोबाईल उचलून माझ्यापुढे धरला, लाव म्हणाली. प्रकाश जागाच होता, सामना बघून बसलेला. अक्काने इकडची-तिकडची विचारपूस केलीच नाही.

"का रे भाऊ, तुना बाप तुनी वाट देखी ऱ्हायना."

प्रकाश आधी हसला. आवाज मोठा करून ठेवलेला, सगळा ओटा ऐकतोय, हे त्याला काय माहीत. म्हणाला, "अगं आत्या, ते मी सहज म्हणालो होतो. जिंकले असते तरी जमणार नव्हतं. सुट्टीच नाहीये."

बघा! एवढे दिवस मी भर चौकात बोडका फिरलो. सलूनचा रेडिओ बंद पाडला. गावाला ओट्यावर गप्प बसवलं, जितीजागती बहीण मारली, मेहुण्याचं डिझेल जाळलं. आणि ते सगळे सामने जिंकूनही कोणी येणारच नव्हतं.

पुढच्या वर्षी नक्की बघू, आबा, असं म्हणाला. मी म्हटलं, झोप आता, तुला सकाळी काम असेल.

फोन ठेवला. कोणी उठेना. वसंतरावने कागद सोडला, टोपी झटकली आणि म्हणाला, "दाजी, आणलीच शे तर घाली ल्या." आणि माझ्या डोक्यावर ठेवली. थोडी घट्ट होती. अक्काने ती सरळ केली आणि उगाच दोनदा सरळ केली.

मग सुपडूनानाने स्वतः आत जाऊन चहा टाकला. सगळ्यांनी घेतला. उठताना एकेक जण म्हणून गेला, येतो आबा, येतो आबा. येतो म्हणणारे सगळे समोर नाहीतर मागच्या गल्लीत राहतात, ही एक अडचण.

माफीचं म्हणाल, तर सुपडूनाना आता रोज सकाळी येऊन सामना बघतो आणि माझ्याआधी मॅनेजरला शिव्या देतो. त्याला सोडला. वसंतरावचा काही दोष नाही. अक्का थोरली, ती माफी मागत नसते, तिने जाताना काठीने पायावर टोचलं तेवढं पुरे.

त्या मॅनेजरला मात्र मी बरेच दिवस धरून होतो. मग तो सातवा डाव मोबाईलवर पुन्हा पाहिला, आणखी पाहिला. चुकलाच तो, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण उठला. भरलेल्या स्टेडियमसमोर स्वतःच्या पायांनी चालत गेला, डावखुऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग हात पुढे केला. मी मुकादम असतो तर असंच केलं असतं. त्यालाही सोडला.

या वर्षी निळे पुन्हा बाद फेरीत आलेत. टोपी खुंटीवर आहे, दाढी वाढतेय, आणि सुपडूनाना साऱ्या गल्लीत सांगून आलाय की आबाकडे कोणी मेलेलं नाही, कोणी बसायला जाऊ नका. तरी ओटा मी रोज झाडून ठेवतो. कारण एक जण राहिलाय. त्याची माफी फोनवर चालणार नाही. चालत यायचं, या ओट्यापर्यंत, आणि माझ्या तोंडाकडे बघून मागायची. त्याचं नाव प्रकाश आत्माराम पाटील.